ग्लायसेमिक निर्देशांक, भूक आणि वजन: आकड्यावर किती विसंबावे?

धागाकर्ती: अर्धविराम

वजन कमी करण्याचे माझे सगळे प्रयत्न आजवर भुकेपाशी येऊन फसले. सकाळी पोटभर न्याहारी करूनही साडेअकराच्या सुमारास पोटात खड्डा पडायचा, चिडचिड व्हायची, वाचत असलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागायची आणि मग हाताशी जे असेल ते खाऊन मी मोकळी व्हायचे. खाण्यावर आपला ताबा नाही, असा बोल मी स्वतःला कित्येक वर्षे लावत आले. गेल्या आठ महिन्यांत मी न्याहारी आणि दुपारचे जेवण ग्लायसेमिक निर्देशांक (पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती चढते हे सांगणारा आकडा) कमी ठेवण्याच्या दृष्टीने बदलले. वजन सहा किलो उतरले, पण मला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे ती साडेअकराची भूक गेली. त्यामागची कारणे शोधताना असेही लक्षात आले की ज्या आकड्याच्या भरवशावर मी हे सुरू केले, तो आकडा एकटाच धरून चालले तर पुष्कळदा दिशाभूल होते. दोन्ही गोष्टी सविस्तर मांडते. अनुभव असलेल्यांनी भर घालावी आणि माझे चुकत असेल तेथे दुरुस्ती करावी.

आधी आकड्याविषयी. ही कल्पना टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. मधुमेहींना कोणती कर्बोदके मानवतील हे ठरवण्यासाठी ती होती; वजनाचा विषय तिला पुढे जोडला गेला. मोजण्याची रीत अशी, की ज्यातून ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके मिळतील एवढा पदार्थ उपाशीपोटी खायला द्यायचा, पुढचे दोन तास ठरावीक अंतराने रक्तातील साखर मोजायची आणि त्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाची तुलना त्याच व्यक्तीने ५० ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतरच्या क्षेत्रफळाशी करायची. ग्लुकोजचा आकडा १०० धरतात. ५५ पर्यंत निर्देशांक कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढे जास्त मानतात. पांढरा ब्रेड ७५ च्या आसपास येतो, सफरचंद ३६ च्या, आणि उकडलेली मसूर ३० च्या थोडी वर.

याचा भुकेशी संबंध असा लागतो. पिष्टमय पदार्थ झपाट्याने पचला की रक्तातील साखर एकदम चढते, तिला आवरण्यासाठी इन्सुलिन जोरात स्रवते आणि काही जणांत दोन-तीन तासांनी साखर उपाशीपोटीच्या पातळीच्याही खाली उतरते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजाराहून अधिक माणसांची साखर अंगावर लावलेल्या सेन्सरने सतत नोंदवली होती. न्याहारीनंतर साखर किती उंच गेली यापेक्षा दोन-तीन तासांनी ती किती खोल गेली, यावरून पुढच्या भुकेचा अंदाज जास्त नेमका बांधता आला. ज्यांची साखर सर्वांत खोल जात होती ती माणसे इतरांपेक्षा सुमारे अर्धा तास आधी पुन्हा खात होती आणि दिवसभरात सरासरी ३०० हून अधिक उष्मांक जास्त घेत होती. हे वाचताना मला माझे साडेअकरा आठवले आणि स्वतःला लावलेला इतक्या वर्षांचा बोल अन्यायाचा वाटला.

आता ज्या प्रयोगाने माझे मत पक्के झाले त्याविषयी. १९९९ साली डेव्हिड लुडविग आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ असलेल्या १२ किशोरवयीन मुलांना वेगवेगळ्या दिवशी सारख्याच उष्मांकांची तीन प्रकारची जेवणे दिली: एकदा झटपट शिजणारे ओट्स, एकदा दाणा नुसता कापून तयार केलेले जाड ओट्स आणि एकदा भाज्या घातलेले ऑम्लेट व फळे. त्यानंतर पाच तास मुलांना हवे तेवढे खाण्याची मुभा होती. झटपट ओट्सच्या दिवशी मुलांनी ऑम्लेटच्या दिवसापेक्षा ८१ टक्के जास्त खाल्ले. पण तेथे प्रथिनेही वेगळी होती, त्यामुळे श्रेय नेमके कोणाचे हे सांगणे कठीण. मला अडवून ठेवते ती दुसरी तुलना. झटपट ओट्सच्या दिवशी मुलांनी जाड ओट्सच्या दिवसापेक्षाही ५३ टक्के जास्त खाल्ले. धान्य तेच, कर्बोदके तेवढीच, प्रथिने तेवढीच. बदलली होती ती मुख्यतः दाण्याची घडण.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की भूक आटोक्यात ठेवते ती अन्नाची शाबूत राहिलेली घडण, त्यातले तंतू आणि सोबतची प्रथिने. निर्देशांक हा त्या घडणीची बाहेरून दिसणारी खूण आहे. खूण वाचायला शिकावे. तिच्यासाठी जेवण रचू नये.

प्रतिसाद: ओंजळ

लेख अगदी माझ्याच विषयावर आला. मी तीन महिन्यांपूर्वी निर्देशांकाचा तक्ता कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आणि सत्तरच्या वरचे सगळे लाल पेनाने खोडले. त्यात कलिंगड गेले. गाजरही गेले, कारण एका जुन्या तक्त्यात त्याचा आकडा नव्वदच्या वर दिला होता. आता वाचते तर दुसऱ्या तक्त्यात गाजर चाळिसाच्या खाली आहे. एकाच भाजीचे दोन आकडे एवढे दूर कसे? आणि आकडा खूण आहे असे तुम्ही म्हणता, तर मी खोडलेल्या यादीचे काय करू?

प्रतिसाद: अर्धविराम

ओंजळ, गाजर आणि कलिंगड दोन्ही निर्धास्तपणे परत आणा. १९८१ च्या पहिल्या यादीत गाजर ९२ वर होते हे खरे आहे, नंतरच्या मोजण्यांत ते बरेच खाली आले आणि हल्ली ३९ च्या आसपासचा आकडा दिला जातो. पण आकडा ९२ असता तरी फारसे बिघडले नसते. मोजताना ५० ग्रॅम कर्बोदके भरतील एवढे गाजर खायला द्यावे लागते, म्हणजे साधारण पाऊण किलो. एवढे गाजर एका बैठकीत कोणी खात नाही.

याच अडचणीवर १९९७ साली हार्वर्डमधील संशोधकांनी ग्लायसेमिक भार ही कल्पना पुढे आणली. पदार्थाचा निर्देशांक घ्यायचा, आपण प्रत्यक्ष खातो त्या वाढणीतल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणायचा आणि १०० ने भागायचे. १० पर्यंत भार कमी, २० पासून पुढे जास्त. कलिंगडाच्या १५० ग्रॅम फोडींत साधारण ११ ग्रॅम कर्बोदके असतात. निर्देशांक ७६ धरला तरी भार ८ च्या आसपासच राहतो. तेवढ्याच वजनाच्या शिजवलेल्या पांढऱ्या भातात सुमारे ४२ ग्रॅम कर्बोदके असतात आणि निर्देशांक ७३ धरला तर भार ३० च्या पुढे जातो. निर्देशांकाने शेजारी बसलेले हे दोन पदार्थ रक्तात गेल्यावर किती निराळे वागतात ते यातून दिसते.

प्रतिसाद: दीपस्तंभ

लेखातील भुकेविषयीचा भाग पटला, परंतु शीर्षकात वजनही आहे म्हणून लिहितो. वजनाच्या बाबतीत पुरावा एवढा भक्कम नाही, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या वाचकाला हे आधीच सांगितले पाहिजे. वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००७ सालच्या आढाव्यात कमी निर्देशांकाच्या आहाराने इतर आहारांपेक्षा सुमारे एक किलो अधिक वजन उतरल्याचे दिसले होते. त्याच संस्थेने २०२३ साली काटेकोर निकष लावून पुन्हा आढावा घेतला, तेव्हा वजनातला फरक नगण्य किंवा नाहीच, असा निष्कर्ष निघाला.

दुसरा मुद्दा बटाट्याचा. सिडनी विद्यापीठात १९९५ साली सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ प्रत्येकी २४० उष्मांकांच्या वाढणीत खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखे वाटते हे मोजले. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण दिले होते. सर्वांत वर आला उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी, आणि तळाशी लोणीदार क्रोसाँ, ४७ गुणांनी. उकडलेल्या बटाट्याचा निर्देशांक ७८ च्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या हिशेबाने तो भूक वाढवणाऱ्यांत मोडायला हवा. याचा मेळ कसा घालायचा?

प्रतिसाद: अर्धविराम

दीपस्तंभ, दोन्ही मुद्दे मान्य आहेत, आणि बटाट्याचा मुद्दा तर मलाच मूळ लेखात घ्यायला हवा होता. उकडलेल्या बटाट्यात पाणी भरपूर असते. २४० उष्मांकांसाठी जवळपास पाव किलोहून अधिक बटाटा खावा लागतो. क्रोसाँ तेवढ्या उष्मांकांत चार-पाच घासांत संपतो. ताटातले वजन आणि आकारमान पोट ताणते, आणि पहिल्या दोन तासांत तृप्ती ठरवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. तो प्रयोग दोन तासांवर थांबला हेही ध्यानात घ्यावे. मला छळणारी भूक नेमकी त्यानंतर सुरू होत असे. तरीही बटाटा खाऊन भूक अनावर होते असे मी म्हणणार नाही. आकड्यापेक्षा अन्न काय आहे ते पाहावे, या माझ्या म्हणण्याला बटाटा आधारच देतो.

वजनाविषयी. उष्मांक मोजून बांधून दिलेल्या आहारात निर्देशांक कमी ठेवल्याने वजन आपोआप अधिक उतरत नाही, आणि ते उतरावे अशी अपेक्षाही नाही, कारण तेथे किती खायचे हे आधीच ठरलेले असते. या आहाराचा उपयोग भुकेच्या वाटेने होतो. जेथे माणूस भुकेप्रमाणे खातो तेथे तो दिसण्याची शक्यता अधिक. म्हणूनच वजन उतरवण्यापेक्षा उतरलेले वजन टिकवण्यात मला त्याची खरी जागा वाटते. डायोजेनिस नावाच्या प्रयोगात युरोपातील आठ देशांतल्या ७७३ प्रौढांना आधी कमी उष्मांकांच्या आहारावर सरासरी ११ किलो वजन उतरवल्यानंतर पाच वेगवेगळ्या आहारांत विभागून २६ आठवडे हवे तेवढे खाऊ दिले. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. प्रथिने कमी आणि निर्देशांक जास्त, अशा गटाचेच वजन लक्षणीय प्रमाणात परत वाढले, सुमारे पावणेदोन किलो. प्रथिने अधिक असलेल्या आणि निर्देशांक कमी असलेल्या गटांतून मध्येच सोडून जाणारेही कमी होते. वजन उतरवून परत वाढवून बसलेल्या प्रत्येकाला ही शेवटची ओळ किती मोलाची आहे ते कळेल.

प्रतिसाद: गवतफूल

घडणीच्या मुद्द्यावर स्वयंपाकाच्या बाजूने थोडे लिहिते, कारण निर्देशांक तक्त्यात ठरतो त्याहून अधिक चुलीवर ठरतो.

ओट्सचेच घ्या. झटपट ओट्सवर गरम पाणी ओतून मी चमचा फिरवते तोवर त्यांची पेज झालेली असते. चमचा उलटा केला की ती सलग सांडते. जाड कापलेले ओट्स अर्धा तास शिजवले तरी प्रत्येक कण दाताखाली वेगळा लागतो, मधोमध किंचित टणक, आणि वाटी संपवायला दुप्पट वेळ जातो. तोंडात जे वेगळे लागते ते पोटातही वेगळेच वागत असणार, हे मला एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर कोणी पटवून द्यावे लागले नाही. पिष्टाच्या कणाभोवतीची पेशीची भिंत दळण्याने आणि फार शिजवण्याने फुटते, आणि मग पाचक रसांना आत शिरायला काहीच आडकाठी राहत नाही. कडधान्यांत ही भिंत शिजवल्यावरही बरीच टिकते, म्हणून राजमा, हरभरे, मसूर या सगळ्यांचे आकडे खाली राहतात. गव्हाच्या अखंड दाण्याचे आणि त्याच्याच बारीक पिठाचे आकडे म्हणूनच वेगळे येतात. पिठात कोंडा ठेवला तरी दळणे ते दळणेच. कोंड्यासकट पिठाचा तपकिरी ब्रेड अनेकदा पांढऱ्या ब्रेडच्या आसपासच असतो, हे मला कळले तेव्हा फार वाईट वाटले होते.

पिष्टाच्या जातीनेही फरक पडतो; अमायलोज आणि अमायलोपेक्टिन या त्याच्या दोन जाती. अमायलोज जास्त असलेला तांदूळ शिजून मोकळा राहतो आणि हळू पचतो. अमायलोपेक्टिन जास्त असलेला चिकट होतो आणि लवकर पचतो. शिजवून गार केलेल्या भाताच्या किंवा बटाट्याच्या पिष्टाचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. परिणाम माफक असतो, पण फुकटचा असतो. मी बटाटे आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी लिंबू पिळून, हिरव्या भाज्यांबरोबर खाते. आंबटपणानेही जठर रिकामे होण्याचा वेग कमी होतो. उरलेला भात मात्र शिजल्यावर लवकर गार करून झाकून फ्रिजमध्येच ठेवावा. ओट्यावर तासन्तास राहिलेल्या भातात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात.

प्रतिसाद: ओंजळ

गवतफूल, फळांच्या रसाचेही असेच का?

प्रतिसाद: गवतफूल

होय, आणि त्यावर १९७७ सालचा एक जुना, सुंदर प्रयोग आहे. दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिले: अखंड, गर करून आणि रस काढून, तिन्हींत कर्बोदके सारखीच. रस अखंड सफरचंदापेक्षा अकरापट वेगाने संपला. सर्वांत कमी तृप्ती रसाने झाली आणि अखंड फळाने सर्वांत अधिक. रसानंतर इन्सुलिन जास्त चढले आणि नंतर साखर खाली घसरली. अखंड फळ खाल्ल्यावर ती घसरण दिसली नाही. सफरचंदाच्या रसाचा निर्देशांक तक्त्यात कमीच असतो, म्हणजे येथेही आकडा बघून फसगत होते.

प्रतिसाद: पायवाट

एक सावधगिरीची सूचना, जी या धाग्यात यायलाच हवी. मला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे आणि मी साखर उतरवणारी गोळी घेतो. अशाच उत्साहात मी कर्बोदके एकदम कमी केली, गोळीचे प्रमाण तेच ठेवले, आणि चौथ्या रात्री दरदरून घाम येऊन जागा झालो. मोजली तेव्हा साखर ५८ होती. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. त्या रात्रीची भीती अजून अंगावर येते, म्हणून हे तळमळीने लिहितो आहे.

मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे खाण्याचा क्रम. २०१५ साली मधुमेह असलेल्या अकरा जणांवर केलेल्या एका लहान अभ्यासात तेच जेवण दोन क्रमांनी दिले होते. भाज्या आणि प्रथिने आधी व कर्बोदके पंधरा मिनिटांनी घेतली, तेव्हा एका तासानंतरची साखर उलट क्रमाच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक कमी होती. ताटातले काहीही वगळावे लागत नाही. अकरा जणांचा अभ्यास लहानच म्हणायचा, परंतु माझ्या ग्लुकोमीटरवर तोच कल मला जवळपास दररोज दिसतो.

आणि माणसामाणसांत फरक असतो. त्याच वर्षी इस्राएलमधील वाइझमन संस्थेने ८०० जणांची साखर आठवडाभर सतत मोजली, तेव्हा एकाच पदार्थाने एकाची साखर झपकन चढते आणि दुसऱ्याची फारशी हलत नाही, असे दिसले. तक्त्यातील आकडा हा काही जणांची सरासरी असतो, हे विसरू नये.

प्रतिसाद: दीपस्तंभ

पायवाट यांच्या सूचनेला पूर्ण अनुमोदन. क्रमाचा उपाय मीही करून पाहीन.

प्रतिसाद: ओंजळ

अर्धविराम, एक शेवटची शंका. वेष्टनावर कमी ग्लायसेमिक निर्देशांक असे ठळक छापलेली बिस्किटे मी न्याहारीला खाते. निर्देशांक खरोखरच कमी आहे, तरी दोन तासांत भूक लागते आणि वजन जागचे हलत नाही.

प्रतिसाद: अर्धविराम

वेष्टन उलटे करून घटक वाचा. निर्देशांक खाली आणण्याचे दोन सोपे मार्ग कारखान्याला उपलब्ध असतात. एक म्हणजे स्निग्ध पदार्थ वाढवणे, त्याने जठर सावकाश रिकामे होते. बटाट्याच्या वेफर्सचा निर्देशांक उकडलेल्या बटाट्याहून कमी आणि चॉकलेटचा ४० च्या आसपास येतो तो बराचसा याच कारणाने. दुसरा म्हणजे फ्रुक्टोज. त्याचा निर्देशांक १५ च्या आसपास आहे, कारण त्याचा बहुतेक भाग यकृतातच वापरला जातो आणि रक्तातील ग्लुकोज फारसे वाढत नाही. पण उष्मांक तेवढेच राहतात आणि फ्रुक्टोज फार झाले तर यकृतात चरबी साठण्याची भीती असते. छापलेला आकडा खरा असूनही बिस्कीट मऊ, कोरडे, पटकन गिळले जाणारे आणि उष्मांकांनी ठासून भरलेलेच राहते.

माझी सूचना अशी, की तक्ता दारावरून काढा आणि तेथे एक कोरा कागद लावा. न्याहारीनंतर बरोबर तीन तासांनी भुकेला शून्य ते दहा यांत गुण द्या आणि न्याहारी काय होती ते शेजारी लिहा. दोन आठवड्यांत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होईल.

प्रतिसाद: ओंजळ (तीन आठवड्यांनंतर)

कागद भरला. बिस्किटांच्या दिवशी भूक ७ किंवा ८. झटपट ओट्सच्या दिवशीही ७. जाड ओट्स, दही आणि मूठभर बदाम घेतले त्या दिवशी ३ ते ४. उकडलेले हरभरे आणि अंडे, २. कलिंगड दुपारच्या जेवणानंतर रोज खाते आहे आणि त्याने काहीही बिघडले नाही. वजन दीड किलो उतरले, पण तीन आठवड्यांच्या वजनावर मी अजून विश्वास ठेवत नाही. एका गोष्टीचा मात्र उलगडा झाला नाही: रात्री मसूर किंवा राजमा खाल्ला की दुसऱ्या दिवशी त्याच ओट्सनंतर भूक ३ वरून २ वर येते. हा योगायोग आहे का?

प्रतिसाद: अर्धविराम

योगायोग नसावा. जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ सालीच दाखवले होते की सकाळी मसूर खाल्ली तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते, आणि पुढे रात्रीच्या जेवणाचा असाच परिणाम दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीवर होतो हेही आढळले. याला दुसऱ्या जेवणाचा परिणाम म्हणतात. न पचलेले पिष्ट आणि तंतू रात्रभर मोठ्या आतड्यात आंबतात, त्यातून तयार होणारी लघुशृंखला स्निग्धाम्ले (छोट्या साखळीची फॅटी ॲसिडे) रक्तात जातात आणि इन्सुलिनचे काम सुकर करतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. तुमच्या कागदावर रात्रीच्या जेवणासाठी आणखी एक रकाना आखून घ्या आणि पुढचे दोन आठवडे तोही भरा.